दूध संस्थेची दौंडकरीण

आमच्या दूध संस्थेत मांजर हवं, यावर एका मीटिंगमध्ये एकमत झालं. मांजर कुणाच्या घरचं आणायचं, यावर मात्र तीन मीटिंगा झाल्या आणि शेवटच्या मीटिंगमधून व्हाइस चेअरमन रखमाआत्या रागानं चपला न घालताच उठून गेल्या. त्या चपला दुसऱ्या दिवशी मीच पोचवल्या, कारण सेक्रेटरीला सगळीच कामं असतात.

'सेक्रेटरी' म्हटलं की शहरातल्या माणसांच्या डोळ्यांपुढं फिरती खुर्ची येते. खुर्ची मलाही होती, पण तिच्यावर निवांत बसायला मिळालं ते थेट निरोपसमारंभात. बाकी सगळी वर्षं सकाळ-संध्याकाळ पदर खोचून ओल्या फरशीवर उभी. वडगाव रासाईच्या पुढं भीमेच्या कडेनं ज्या वस्त्या आहेत, त्यांच्या मधोमध आमची दोन खोल्यांची संस्था. एका खोलीत दूध, दुसरीत पशुखाद्याची पोती, आणि भिंतीला भिंत लागून माझं घर. संस्था महिलांची, म्हणजे कागदावर सगळ्या बाया. चेअरमन मंगलबाई, पण मीटिंगला त्यांचे मिस्टर सहज म्हणून येऊन बसायचे आणि सहजच सगळं बोलून टाकायचे. मंगलबाई तेवढ्यात चहा करायच्या.

आमचं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. सभासद दूध घेऊन आला की मी नाव पुकारायची. तो 'हाय' म्हणायचा आणि दूध मापात ओतायचा. त्यातलं थोडं मी काढून घ्यायची, त्याला सॅम्पल म्हणायचं. सॅम्पलमध्ये काचेचा लॅक्टोमीटर तरंगत सोडला की दुधाची डिग्री कळते. पाणी घातलं असेल तर डिग्री घसरते. मग फॅट. काचेच्या नळीत ॲसिड, त्यावर दूध, वर बूच, आणि अशा नळ्या यंत्रात लावून हँडल गरागरा फिरवायचं. स्निग्धांश वर येऊन बसतो, तो आकडा वाचायचा आणि त्यावर दुधाचा भाव. म्हणून जगात कुठल्याही दूध संस्थेच्या सेक्रेटरीवर कुणी खूश नसतं. फॅट कमी लागली तर मशीन बिघडलेलं, जास्त लागली तर म्हैस चांगली.

माणसं तरी कसली एकेक! दगडू नावाचा एक गडी बायकोच्या नावावर दूध घालायचा. एकदा ऐन मे महिन्यात त्याच्या कॅनमध्ये बर्फाचा खडा तरंगताना दिसला.

"दगडू, दुधात बर्फ?"

"उन्हाचं नासू ने म्हून घातला, वैनी. दुधाच्याच भल्यासाठी."

"अरे, बर्फ म्हणजे पाणीच ना?"

"इतळल्यावर पानी. म्या घातला तवा बर्फ व्हता."

मी खडा काढून टाकला आणि लॅक्टोमीटर सोडला.

याच्या अगदी उलट बिरू आबा. सगळी हयात मेंढरांमागं फिरण्यात गेली, पाय थकल्यावर नदीच्या मळईला, काठच्या गाळाच्या रानात, दोन म्हशी घेऊन राहिले. मुलगा शिरूरला, कंपनीत. बायको धोंडाबाई आमची पहिल्या दिवसापासूनची सभासद. ती वारली तेव्हा मी म्हटलं, "आबा, खातं सुनेच्या नावावर करून टाकू." तर म्हणाले, "राहू द्या की वैनी. तुमी नाव पुकारता, तेवढीच कुनीतरी तिला हाक मारतं." राहू दिलं. आबा सगळ्यात लांबून चालत यायचे, म्हणून सगळ्यात शेवटी यायचे. मी 'धोंडाबाई बिरू' असं पुकारलं की आबा 'हाय' म्हणायचे आणि कॅन मापात रिकामा करायचे. मग दारातल्या दगडावर बसून म्हशीपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायची. घरी बोलायला कुणी नव्हतं, दिवसभराचं बोलणं ते इथंच उरकून जायचे. आणि त्यांच्या दुधाची डिग्री कधी, म्हणजे कधीच, हलली नाही.

आता मांजराकडं वळते. पशुखाद्याच्या खोलीत उंदीर झाले. पोती कातरली तिथवर आम्ही सोसलं, पण मग त्यांनी कॅनच्या झाकणांची रबरं खायला काढली. रबर गेलं की झाकण घट्ट बसत नाही, टेम्पोत दूध सांडतं आणि चिलिंग सेंटरवरून माझ्या नावानं शंख होतो. औषध टाकावं तर दुधाची जागा. सापळा लावला तर त्यात पहिल्या दिवशी मंगलबाईंच्या मिस्टरांचं बोट सापडलं. तेव्हा मांजर.

"वरच्या वस्तीचं मांजर आनायचं न्हाई," रखमाआत्या म्हणाल्या. त्या खालच्या वस्तीच्या, मंगलबाई वरच्या. "ते त्येंच्याच दुधाजवळ बसल."

"आत्या, मांजर कुठंही बसलं तरी फॅट बदलत नाही," मी म्हटलं.

"आज न्हाई बदलत. उद्याचं कुनी सांगावं?"

"आन् खालच्या वस्तीचं आनलं," मिस्टर म्हणाले, "तर त्याला बघाया म्हून त्येंची मानसं दिसभर हितं बसनार. आपलं बोलनं ऐकनार."

"ऐकन्यासारखं बोलता तरी काय?" असं म्हणून आत्या उठल्या, त्या तशाच अनवाणी गेल्या. शेवटी असा तोडगा निघाला की मांजर बाहेरगावचं असावं, जमलं तर बाहेरच्या तालुक्यातलं, आणि दोन्ही वस्त्यांत त्याचं कुणी नातेवाईक नसावं. हसू नका. आमच्याकडं शाळेचा शिपाईसुद्धा असाच निवडला होता.

आमचे हे तेव्हा पाटसच्या साखर कारखान्यात होते. त्यांच्या पाळीतला एक फिटर दौंडचा. त्याच्याकडून कळलं की दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमधल्या चार-पाच बाया मांजराची बेवारस पिल्लं सांभाळतात. यार्डात, मालधक्क्यावर, पार्सलच्या पेट्यांमागं सापडलेली पिल्लं वाटून घ्यायची, प्रत्येकीनं आपापल्या घरी ड्रॉपरनं पाजून मोठी करायची आणि चांगलं घर बघून देऊन टाकायची. पगार नाही, पाटी नाही, सगळा घरचा खटाटोप. यांनी हे सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. आपल्याकडं मांजर स्वतःहून घरात येतं, ते द्यायला-घ्यायला कोण बसतं? पण तालुका बाहेरचा होता, म्हणून निघाले.

या बायांच्या मुख्य होत्या डोरीन मॅडम. रेल्वेच्या शाळेतून शिकवून रिटायर झालेल्या, फुलाफुलांचा फ्रॉक, नाकावर चष्मा. जन्म दौंडात गेला, त्यामुळं मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात. घरात प्रत्येक खुर्चीवर मांजर, म्हणून मला उभं राहूनच बोलावं लागलं. त्यांनी एक तांबूस-पांढरी मांजरी हातात घेतली होती, वयात येऊ घातलेली, शेपटी उभी, नजर अशी की आपणच तिच्याकडं कामाला आलोय.

"कशासाठी पाहिजे?"

"उंदरांसाठी."

मॅडमनी मांजर परत टोपलीत ठेवलं. "मग नाही मिळणार. मैं बिल्ली नोकरीला देत नाही. घरात देते."

एवढा प्रवास करून रिकाम्या हातानं परत जायची वेळ आली. मी घाईनं म्हटलं, "मॅडम, घर आहेच. संस्थेची आणि माझी भिंत एकच. माझ्या पायाशी झोपेल, मनात आलं तर उंदीर धरेल, नाही आलं तर मी काही म्हणणार नाही."

मग प्रश्न सुरू झाले. घरात कोण कोण, कुत्रा आहे का, दार किती वाजता लावता, मांजर आजारी पडलं तर कुठल्या डॉक्टरकडं नेणार, नवरा चिडका आहे का. माझ्या लग्नात सासरच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. शेवटी दोन अटी निघाल्या. पहिली अशी, "नको झालं तर पोत्यात घालून नदीपलीकडं सोडायचं नाही. इथं आणून द्यायचं." मी दचकलेच. आमच्याकडं नको झालेल्या मांजराचं हेच करतात, ते या बाईंना कुणी सांगितलं? आणि दुसरी, "दूध नहीं देने का."

मला हसूच आवरेना. "अहो मॅडम, मी दूध संस्थेतून आलेय."

"इसीलिए बोल रही हूं. मोठ्या मांजराला दूध सोसत नाही, पोट बिघडतं. अंडं द्या, मच्छी द्या, भाकरी चुरून द्या. प्यायला पाणी. आणि मी बघायला येणार. सांगून नाही येणार."

झाकणाच्या टोपलीत मांजर घेऊन एसटीत बसले. टोपलीतून आवाज आला तसा कंडक्टर थांबला. "कोंबडी हाय का?" मी म्हटलं, "मांजर आहे." तिकिटांची पेटी मिटून तो म्हणाला, "कोंबडी असती तर तिकीट फाडलं असतं बघा. मांजराचं काय करायचं मला ठावं न्हाई." वाटेतलं न्हावरा गाव येईपर्यंत दौंडच्या त्या लेकीनं साऱ्या एसटीला आपलं गाऱ्हाणं ऐकवलं.

आमच्याकडं सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात. केंदूरची ती केंदूरकरीण, पाटसची ती पाटसकरीण. त्यामुळं मांजराचं नाव ठेवावं लागलंच नाही, पहिल्याच संध्याकाळी ती दौंडकरीण झाली. आणि पोरगी कामाची निघाली! पशुखाद्याच्या खोलीत आठवड्याभरात शांतता झाली. रबरं वाचली. मिस्टरांनी मीटिंगमध्ये मांजराच्या अभिनंदनाचा ठराव मांडला, रखमाआत्यांनी अनुमोदन दिलं. दोन वस्त्या एका गोष्टीवर सहमत झाल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पण माणसाला सुख बोचतं. एका संध्याकाळी रखमाआत्यांनी आपल्या कॅनच्या झाकणात थोडं दूध ओतलं आणि दौंडकरणीपुढं ठेवलं. "माहेर लांब हाय लेकीचं," म्हणाल्या. तिनं ते चाटूनपुसून घेतलं. मी ओरडले, "आत्या, दूध द्यायचं नाही, मॅडमनी बजावलंय." आत्या म्हणाल्या, "मांजराला दूध न्हाई द्यायचं तर काय च्या द्यायचा?" सगळे हसले. मंगलबाईंनी हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वरच्या वस्तीचं झाकण पुढं आलं. मग कुणालाच मागं राहवेना. दूध घालायच्या आधी झाकणभर दूध दौंडकरणीला, अशी रीतच पडली. मी रोज ओरडायची आणि रोज झाकणं मांडली जायची.

एके दिवशी दगडूचं झाकण तिनं हुंगलं आणि शेपटी उंच करून निघून गेली. मी लॅक्टोमीटर सोडला तर दगडूची डिग्री सपशेल घसरलेली. झालं! "मांजरानं धरला, मांजरानं धरला!" असा गलका झाला. दगडू लाजेनं लाल झाला. इतकी वर्षं लॅक्टोमीटरनं धरत होते, तेव्हा हा लाजला नव्हता, माझ्याशी भांडत होता.

त्या दिवसापासून संस्थेत दोन मशिनं झाली. एक माझं, एक चार पायांचं. माझ्या मशिनावर कुणाचा विश्वास नव्हता, कारण मी कुणाची तरी भावजय, कुणाची तरी पुतणसून. दौंडकरीण मात्र कुणाच्याच नात्यात नव्हती. "तिला काय पडलंय? ती दौंडची हाय," असं लोक म्हणायचे. भिऊन भिऊन दूध असं चोख यायला लागलं की काय सांगू. चिलिंग सेंटरवाल्यांनी निरोप धाडला की तुमच्या गावानं म्हशी बदलल्या का.

आणि मग ती संध्याकाळ आली. सगळ्यांचं दूध घालून झालं होतं, माणसं अजून रेंगाळत होती. आबा शेवटी आले. मी पुकारलं, "धोंडाबाई बिरू." आबा म्हणाले, "हाय." इतरांसारखं त्यांनीही झाकणभर दूध खाली ठेवलं. एरवी दौंडकरीण त्याला निदान जीभ तरी लावायची. त्या दिवशी मात्र तिनं येऊन हुंगलं, एकदा आबांकडं पाहिलं, आणि वळून पोत्यांच्या खोलीत जाऊन आडवी झाली.

सगळ्या माना आबांकडं वळल्या. मग मिस्टर हसत म्हणाले, "आबा, तुमीबी का?"

दगडूला तर आयतंच सापडलं. "मला येकट्यालाच नावं ठिवत व्हता व्हय?" मी घाईघाईनं लॅक्टोमीटर सोडला, डिग्री नेहमीसारखी भक्कम. मी ओरडून सांगितलं, "अरे, दूध चोख आहे! आबा शेवटी येतात, तोवर तिनं सगळ्या गावाची झाकणं चाटलेली असतात. तिचं पोट भरलंय!" पण ऐकतंय कोण? "वैनी आबाची बाजू घेनारच, त्ये रोज दारात बसत्यात त्येंच्या," असं उत्तर आलं. आबांनी खाली वाकून झाकण उचललं, त्यातलं दूध स्वतः पिऊन टाकलं, झाकण कॅनला लावलं आणि निघून गेले. दगडावर बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आबा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी यादीत धोंडाबाईचंच नाव उरलं की मी पुकारायची आणि समोरून 'हाय' यायचं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, त्या मांजराचा नाही, गावाचा. चार दिवस वाट बघून मी मळईला गेले. आबा म्हशीखालचं दूध रेडकांना पाजत होते.

"आबा, मशीन सांगतंय ना तुमचं दूध चोख आहे. तुम्ही या."

"वैनी, मशीन खोटं बोललं आसतं तर म्या भांडलो आसतो. मानूस बोललं आसतं तर त्याच्याशीबी भांडलो आसतो. मांजराशी काय भांडू?"

"लोकांचं काय मनावर घेता?"

"माजं न्हाई वो." आबा रेडकाच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. "नाव तिचं हाय ना खात्याला. मेल्याव तिच्या दुधाला पानी लागलं. ह्ये न्हाई सोसत."

मी परत आले. वाटेत रडले, उगाच कशाला खोटं सांगू.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, संध्याकाळच्या वेळी, आबा संस्थेत आले. हातात रिकामा कॅन, लखलखीत घासलेला. सभासदाला संस्थेकडून कॅन मिळतो, आणि तो परत केला म्हणजे सभासद सुटला. "ह्यो जमा करून घ्या," म्हणाले, "आन् नाव कमी करा." दाराशी रांग उभी होती, सगळ्यांनी ऐकलं. मी कॅनला हात लावेना. आबा तो खाली ठेवेनात. आम्ही दोघं असे अडून उभे होतो, तेवढ्यात सीटा भरून नेणारी वडापची जीप थांबली आणि तिच्यातून फुलाफुलांचा फ्रॉक उतरला.

डोरीन मॅडमनी आधी मला पाहिलं. मग फरशीवर ओळीनं मांडलेली झाकणं पाहिली. मग झाकणांच्या कडेनं डुलत डुलत येणारी दौंडकरीण पाहिली. तिचं पोट भोपळ्याएवढं झालं होतं आणि शेपटीखालची अवस्था सांगण्यासारखी नव्हती.

"ये क्या है?"

मी तोंड उघडायच्या आत रखमाआत्या अभिमानानं म्हणाल्या, "आमच्या संस्थेची तपासनीस हाय ती. रोज समद्यांचं दूध चाखती. पानी घातल्यालं वळखती."

मॅडमचा असा काही भडका उडाला की रांगेतली माणसं शाळेतल्या पोरांसारखी हात बांधून उभी राहिली. "बीमार है वो! पोट बिघडलंय तिचं! मी घरात दिली होती, तुम्ही फॅक्टरीला लावली!" त्यांनी पिशवीतून टोपली काढली. "चलो बेटा. वापस दौंड."

आता मात्र गाव घाबरलं. मिस्टर पुढं झाले. "आवो बाई, आसं कसं? आमच्या घरी ठेवतो. मंगल बघंल तिचं."

"तुमच्या घरी का?" रखमाआत्या म्हणाल्या. "खालच्या वस्तीला काय घरं न्हाईत?"

"आत्या, मधी बोलू नका."

"का न बोलू? झाकान पयलं म्या ठिवलं व्हतं!"

मॅडमनी चष्म्यावरून सगळ्यांकडं पाहिलं. "मला एकच सांगा. या गावात एक तरी घर आहे का, जिथं ही दूध पिणार नाही?"

दुधाचं गाव. घराघरात म्हशी. सगळे एकमेकांच्या पायांकडं बघत राहिले. मॅडमनी टोपलीचं झाकण उघडलं.

"माज्याकडं द्या, बाई," मागनं आबा बोलले. "माजं दूध ती पीत न्हाई. समद्या गावाला ठावं हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग मंगलबाई पदर तोंडाला लावून खदखदायला लागल्या, आणि मग ती सगळी रांगच्या रांग हसली. आबा तेवढे हसले नाहीत. मॅडमही हसल्या नाहीत. "तुमचं दूध का पीत नाही?" त्यांनी विचारलं.

आबांऐवजी मीच सांगितलं. आबा लांबून येतात, शेवटी येतात, तोवर हिची एवढी झाकणं झालेली असतात, आणि मग लोक म्हणतात की आबांनी पाणी घातलं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, पेट भर गया था उसका! एवढंसं मांजर! किती पिणार?"

हेच मी घसा फोडून सांगत होते. पण मी गावातली. मॅडम दौंडच्या, आणि कुणाच्याच नात्यात नसलेल्या. एका क्षणात सगळ्यांना पटलं. मिस्टर आबांच्या पाया पडायला म्हणून चप्पल काढायला लागले, मग लाजून परत घालायला लागले. दगडू छताकडं बघत होता.

मॅडमनी आबांची परीक्षा घेतली, ती मात्र नियमाप्रमाणं. "घरी कुत्रा आहे?"

"हाय. दात पडल्यालं हाय. त्येच मांजराला भिईल."

"खायला काय देणार?"

"नदी दारात हाय. चिलापी गावती. न्हाईतर भाकर."

"आणि नको झाली तर? पोत्यात घालून नदीपलीकडं?"

आबांनी एकदा सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. "मला गाव नको झालं व्हतं, बाई. त्याला कुठं पोत्यात घातलं म्या?"

आता मॅडम हसल्या. त्यांनी मांजर आबांच्या हातात दिलं. आबांनी खांद्यावरची घोंगडी पुढं ओढून तिची खोळ केली आणि कोकरू आणतात तशी तिला आत घातली. दोन्ही हात तिथं गुंतले. मग तो रिकामा कॅन मीच त्यांच्या खांद्याला अडकवून दिला. जमा करण्याबद्दल त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मॅडम घर बघायला त्यांच्यामागं मळईपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत आबांनी दिलेल्या दोन चिलाप्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूध घालून झालं, पण कुणी घरी जाईना. उगाच कॅन विसळत, उगाच म्हशींची चौकशी करत सगळे उभे. उशिरा वाटेवर आबा दिसले. खांद्याला कॅन, या वेळी जड.

"मांजर?" मी विचारलं.

"घरी हाय. चुलीम्होरं पडलीया. कामाला लावू नका म्हनल्यात बाई."

मग सवयीनं त्यांनी झाकणात दूध ओतलं आणि झाकण हातात घेऊन तसेच उभे राहिले. चाखायला कुणी नव्हतं. ते दूध पुन्हा कॅनमध्ये ओतावं की काय, असं त्यांना झालं असावं. तेवढ्यात दगडू रांगेतून पुढं आला, आबांच्या हातातून झाकण घेतलं आणि सगळ्यांदेखत एका घोटात पिऊन टाकलं. मिशा पुसल्या.

"ग्वाड हाय, आबा."

आबांनी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तुजं पोट भरल्यालं न्हवतं का रं?"

हसण्याचा जो गदारोळ उठला, त्यात मिस्टरांनीही हात पुढं केला, "आबा, मलाबी वाईच द्या," म्हणाले. झाकण पुन्हा भरलं, ते रखमाआत्यांकडं गेलं, तिथून मंगलबाईंकडं. मापात घालायच्या आधीच आबांचं किती दूध संपलं कुणास ठाऊक. गलका थांबेना, म्हणून मी नेहमीपेक्षा जोरात पुकारलं.

"धोंडाबाई बिरू!"

"हाय," आबा म्हणाले, आणि कॅन मापात वाकवला.